शेळीच्या नावाची पुडी

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हाचे रस्ते आता शेतात गेले आणि तेव्हाची शेतं नदीनं नेली. त्या काळी डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेलं एक राज्य होतं, आणि त्या राज्यातल्या माणसांची एक रीत होती. दारात कुणीही आलं की आधी गूळ-पाणी, मग बसायला घोंगडी, आणि नाव विचारायचं नाही. पाहुणा आपण होऊन सांगेल तेव्हा सांगेल. "आपण कोण, कुठले?" असं आधीच विचारणं म्हणजे त्या लोकांना तोंडावर दार लावल्यासारखं वाटे.

रीत चांगलीच होती, तिला मी नावं ठेवत नाही. पण चांगल्या रीतीलाही तिची जागा असते. ती उचलून भलतीकडे नेली की कसा घोटाळा होतो, ते लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावं.

एका साली राज्यात तापाची साथ आली. औषधं होती, वैद्य होते, पण गोरगरिबांना परवडत नव्हतं. राणी मनानं फार मऊ. तिनं साथ ओसरताच हुकूम काढला, की दर दहा गावांमागे एक दवाघर असेल, दर दवाघरात एक नाववही असेल, आणि ज्याचं नाव वहीत त्याला औषध फुकट. वहीत जितकी नावं, तितक्यांना पुरेल एवढं औषध सरकारी कोठारातून दवाघराला जाईल. एका माणसाचं नाव एकाच वहीत. आणि नावं लिहून आणायला गावोगाव हिंडणारे नोंदे नेमले. प्रत्येक नावामागे त्यांना शेरभर तांदूळ.

प्रधानानं हळूच विचारलं होतं, की लिहिलेलं माणूस खरोखर आहे की नाही, हे कुणी बघायचं? राणीला ते ऐकूनच कसंतरी झालं. आजारी माणसाला दारात उभं करून "तू कोण" म्हणायचं? दरबारातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. असला विचार प्रधानाच्या मनात आलाच कसा, म्हणून चारजणांनी त्याच्याकडे रोखून पाहिलंसुद्धा. ती गोष्ट तिथंच राहिली.

आता या राज्यात घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात गोजराआक्का नावाची सुईण होती. पन्नाशी उलटलेली, बुटकी, बोलायला खणखणीत. तीस वर्षांखालचं गावातलं एकूण एक माणूस तिच्या हातात पहिल्यांदा रडलेलं. त्यामुळे गावचा पाटीलसुद्धा तिच्यापुढे मिशीला ताव देत नसे. कारण तो जन्मला तेव्हा कसा दिसत होता, हे आक्का चारचौघांत सांगायला कमी करत नसे.

आक्काला एकच लेक, ठकू. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठवा महिना लागला होता आणि पोरीच्या अंगात रक्त म्हणून नव्हतं. ओठ पांढरे, नखं पांढरी, चार पावलं टाकली की धाप. गावच्या वैद्यबुवांनी तिला लोहभस्म चालू केलं होतं, मधातून रोज एक पुडी. त्यानं गालांवर जरा रंग दिसायला लागला होता. अशा रक्त नसलेल्या दोन बाया आक्काच्या हातावर गेल्या होत्या, आणि ते तिला झोपेतही आठवायचं. म्हणून ठकूनं पुडी घेतली का, हे ती दिवसातून तीनदा विचारायची.

एके दिवशी ती पुड्या आणायला दवाघरात गेली, तर वैद्यबुवा मोकळ्या बरण्यांपुढे कपाळाला हात लावून बसलेले. म्हणाले, कोठारातून या खेपेला औषध आलंच नाही म्हटलं तरी चालेल. त्यांच्या वहीत तीनशे नावं होती, त्यातली अडीचशे आता घाटमाथ्याच्या दवाघराकडे गेली आहेत असं कळवलंय. ठकूचंही नाव तिकडे गेलंय. आक्काचंही.

आक्का म्हणाली, मी तर कुठं गेले नाही, माझं नाव माझ्या आधी घाट कसं चढलं? वैद्यबुवांना तरी काय ठाऊक? त्यांनी स्वतःच्या घरातून शोधून पाच पुड्या आणल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. भस्म करायला महिने लागतात, याच्यावर माझ्याकडे काही नाही, म्हणाले, आणि म्हातारा डोळे पुसायला लागला.

पाच पुड्या म्हणजे पाच दिवस. आक्कानं त्या शेजारणीकडे दिल्या, ठकूला रोज एक द्यायला बजावलं, भाकरी बांधून घेतली आणि पहाटेच घाट चढायला लागली. चढताना तिला आठवलं. दिवाळीनंतर हैबती नावाचा एक नोंदा गावात आला होता. गोड बोलणारा, हसतमुख. घरोघरी ताक प्यायला बसला आणि लेकीसुनांची, पोराबाळांची नावं किती प्रेमानं विचारून गेला! सगळ्यांना वाटलं, काय मायाळू माणूस आहे. आक्कानं तर त्याला वर लोणचं दिलं होतं. त्या लोणच्याचं आता तिला फार वाईट वाटलं.

दिवस कलताना ती माथ्यावर पोचली. दवाघर कसलं, महाल होता. दगडी ओटा, नक्षीचे खांब, आणि आजारी माणूस औषधालासुद्धा नाही. मागच्या अंगाला मात्र घाट उतरणाऱ्या व्यापाऱ्यांचे बैल उभे होते आणि त्यांच्या पाठीवर गोण्या चढत होत्या. गोण्यांतून हिरड्याचा आणि सुंठीचा वास येत होता. आक्कानं तो औषधांचा वास ओळखला आणि ती ओट्याकडे वळली.

ओट्यावर एक कारकून बसला होता. भला माणूस, रीतीचा पक्का. त्यानं गूळ-पाणी दिलं, घोंगडी टाकली, नाव विचारलं नाही. आक्कानं आपण होऊन सांगितलं आणि ठकूचं औषध मागितलं. कारकुनानं वही उघडली. ठकूचं नाव होतं खरं, पण या महिन्याचं तिचं औषध कधीच नेलेलं होतं.

"कुणी नेलं?" आक्कानं विचारलं.

"ठकूबाईंनी," कारकून म्हणाला. "म्हणजे असं वहीत आहे. आम्ही विचारत नाही."

आक्कानं विचार केला आणि म्हणाली, बरं, मग तिचं नाव इथून काढा आणि आमच्या गावी पाठवा. कारकुनानं जीभ चावली. नोंद्यानं नेलं तर गोष्ट वेगळी, पण आमच्या हातून नाव काढायला राणीसाहेबांची मोहोर लागते, म्हणाला. आणि घालायला? घालायला काहीच लागत नाही. सांगाल ते लिहायचं, असा हुकूम आहे. मग त्यानं कनवाळूपणानं सुचवलं, की बाई, कशाला त्रास घेता? तिचंच दुसरं एखादं नाव सांगा, लगेच बिल्ला देतो आणि औषधही देतो.

आक्काला हसू यायला लागलं. ती घोंगडीवर नीट मांडी घालून बसली.

"लिहा तर मग," ती म्हणाली. "नाव चंद्री. राहणार माझ्याच घरी. दिवस भरत आलेत."

कारकुनानं लिहिलं, चंद्री. दिवस भरत आलेल्या प्रत्येकीला महिन्याचं लोहभस्म द्यावं असा राणीचा नियमच होता. त्यानं तीस पुड्या मोजल्या, एका कापडात बांधल्या, वर लाखेची मोहोर मारली आणि तांब्याचा बिल्ला दिला. चंद्री ही आक्काची शेळी होती. आक्कानं एक शब्द खोटा सांगितला नव्हता, हे ध्यानात असू द्या. चंद्रीला पाय किती, हे कारकुनानं विचारलंच नाही.

आक्का म्हणाली, अजून लिहा, चिंचाबाई. वय शंभरावर. वेशीजवळ राहते. कंबरेत वाकलीय आणि वरचं सगळं झडायला लागलंय. कारकून हळहळला आणि त्यानं केस गळण्यावरचं तेल दिलं. मग आक्कानं घरचं दगडी जातं सांगितलं. नाव जाताबाई, एका जागी बसून असते, दळण असलं की पोटात घरघर, नसलं की गप्प. कारकुनानं तिला ओव्याचा अर्क दिला आणि चालतं-फिरतं राहायला सांगा असं बजावलं.

असे तीन बिल्ले, एक बाटली तेल, एक बाटली अर्क आणि तीस पुड्या घेऊन आक्का सकाळी निघाली. माथ्यावरच रस्त्याला फाटा फुटत होता. डावीकडे घाट उतरला की घर, उजवीकडे दिवसभराच्या चालीवर राजधानी. तिथं मात्र तिचे पाय थांबले.

कमरेला तीस पुड्या होत्या. घरी जावं, लेकीला द्याव्यात, लेक सुखरूप बाळंत होईल. कुणाला कळणार होतं? एका दगडावर बसून ती रडली. पण गावात ठकूसारख्या आणखी चौघी होत्या, आणि त्यांच्या घरी शेळ्याही होत्या. आज आपण शेळीच्या नावानं नेलं, उद्या त्या चौघी नेतील, परवा सगळं गाव नेईल, आणि मग हैबतीत आणि आपल्यात फरक काय राहिला? शिवाय हे भस्म कुठल्या तरी गावच्या कुठल्या तरी बरणीतून कमी झालेलं असणार. तिथं एखादी ठकू असेलच की. पुड्या पाच, पहिला दिवस गेला. आज राजधानी गाठली तर वेळ आहे, तिकडे अडकवून ठेवलं तर नाही. तिनं देवाचं नाव घेतलं आणि उजवी वाट धरली. मोहोर फोडली नाही.

राणीच्या दरबारात कुणालाही जाता येत असे, आणि गेल्यावर अर्थातच आधी गूळ-पाणी मिळत असे. आक्का पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तीन बिल्ले राणीपुढे मांडून तीन नावं सांगितली. तुमच्या राज्यात कुणाला औषध मिळतं ते दाखवायला आले आहे, म्हणाली. मग चंद्री कोण, चिंचाबाई कोण आणि जाताबाई कोण, हे तिनं एकेक करून सांगितलं.

आधी दरबारात कुणी हसेना. मग जात्याला चालतं-फिरतं राहायला सांगितलंय, हे ऐकल्यावर राणीच हसली, आणि मग सगळा दरबार पोट धरून हसायला लागला. आक्का तेवढी हसली नाही. हसणं थांबल्यावर तिनं कमरेचं मोहोरबंद पुडकं राणीपुढे ठेवलं आणि मग बोलली.

"सरकार, ही पुडी माझ्या शेळीला मिळाली. माझ्या लेकीला नाही मिळाली. लेकीच्या अंगात रक्त नाही, घरी तीन दिवसांचं औषध उरलंय, आणि तरी मी ही न फोडता तुमच्याकडे आणलीय."

राणीचा चेहरा उतरला. तिनं तिथल्या तिथं एक घोडेस्वार बोलावला, कोठारातून पायथ्याच्या दवाघरापुरतं भस्म काढलं आणि ठकूला आधी दे म्हणून त्याला पिटाळलं. घोड्याच्या टापा ऐकल्या तेव्हा कुठं आक्का दरबारातच खाली बसली.

प्रधानाला आता चांगलाच जोर आला. तो म्हणाला, मी सांगत होतो ना? उद्यापासून प्रत्येक आजाऱ्यानं दवाघरात येताना पाच साक्षीदार आणावेत, पाटलाचं पत्र आणावं, आणि आपण आपणच आहोत अशी शपथ घ्यावी. दरबारी पुन्हा माना डोलवायला लागले. त्यांचं कामच ते.

आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "प्रधानजी, माझी ठकू दोन पायऱ्या चढत नाही, ती पाच साक्षीदार कुठून आणेल? आणि हैबती पन्नास आणेल. तुम्ही औषध घेणाऱ्याला कशाला अडवता? नाव लिहिणाऱ्याला अडवा."

कसं अडवायचं, ते राणीनं विचारलं. आक्काकडे काही मोठी विद्या नव्हती, पण मूल जन्मलं की ते रडल्याशिवाय ती "झालं" म्हणत नसे. तसंच करावं, असं तिनं सांगितलं. नोंद्यानं लिहिलेली नावं त्यानंच गावात बाजाराच्या दिवशी मोठ्यानं वाचावीत. ज्याचं नाव, त्यानं "आहे" म्हणावं. जो अंथरुणावर असेल त्याच्या वतीनं शेजाऱ्यानं म्हणावं, आणि गावच्या सुईणीनं किंवा वैद्यानं त्याच्या घरी जाऊन त्याला डोळ्यांनी बघावं. मग नाव पक्कं, मग तांदूळ. आणि नाव एका वहीतून दुसऱ्या वहीत न्यायचं तर ज्याचं नाव त्याच्या तोंडून होकार हवा.

राणीनं ते तिथंच हुकूम म्हणून लिहून घेतलं. मग म्हणाली, "आम्हाला वाटलं, न विचारणं म्हणजेच माया. चूक आमची झाली." प्रधानाकडे वळून तिनं हेही कबूल केलं, की विचारलेलं बरोबर होतं, आम्हीच ऐकलं नाही. राज्य करणाऱ्याच्या तोंडून असं वाक्य फार क्वचित ऐकू येतं, म्हणून सांगून ठेवलं.

आठ दिवसांनी पायथ्याच्या गावात बाजार भरला आणि शिपायांनी हैबतीला त्याच्या वहीसकट आणून उभा केला. पायथ्याच्या दवाघराची दहाही गावं जमली. घाटमाथ्याच्या वहीत नऊशे नावं होती, आणि ती सगळी त्यानं याच दहा गावांतली म्हणून लिहिली होती. त्यानं वाचायला सुरुवात केली. ठकूचं नाव आलं, तिनं ओट्यावर बसल्या बसल्या "आहे" म्हटलं. पुड्यांनी तिच्या आवाजात जरा दम आला होता. पाटलाचं आलं, तेलणीचं आलं, अडीचशे माणसांनी "आहे" म्हटलं. आणि मग सुरू झाली लाडूबाई, करंजीबाई, अनारसेबाई, चकलोजी आणि त्याचे सहा भाऊ. लोक हसून हसून खाली बसायला लागले. ती नावं बहुतेक हैबतीनं जेवणाच्या आधी लिहिली असावीत. प्रत्येक नावानंतर आक्का मोठ्यानं सांगे, की हे माझ्या हातावर काही जन्मलं नाही.

शेवटी हैबतीच्या आईचं नाव आलं. ती बिचारी बाजाराला आलेली, गर्दीतच उभी होती. तिनं "आहे" म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच नाव आलं, तिनं पुन्हा "आहे" म्हटलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा ती पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, मी तुला एकदाच जन्म दिला. तू मला किती वेळा लिहिलंस?" तेव्हा मात्र हैबतीची मान खाली गेली.

घाटमाथ्याच्या वैद्यानं हैबतीशी हातमिळवणी करून, फुकटची औषधं व्यापाऱ्यांना विकून महाल बांधला होता. त्याचं दवाघर काढून घेतलं आणि त्याला कोठारात पहारेकऱ्याच्या देखत औषधं कुटायला बसवलं. भल्या कारकुनाला शिक्षा झाली नाही. पाणी आधी द्यायचं आणि नाव मागून विचारायचं, पण विचारायचं, एवढंच त्याला शिकवलं, आणि ते त्याला जमायला वर्ष लागलं. हैबतीला राणीनं सांगितलं, की ज्या अडीचशे जणांची नावं तू पळवलीस, त्यांच्या घरी जायचं, हात जोडायचे, आणि त्यांचं बुडालेलं औषध स्वतःच्या पाठीवरून घाटातून आणून द्यायचं. पावसाळ्यापर्यंत तो घाट चढत-उतरत होता. लोणचं त्याला कुणी दिलं नाही, पाणी मात्र सगळ्यांनी दिलं.

औषध आता ज्याचं त्याला पोचायला लागलं. सहाशेवर नावं गळाली, तसं कोठारातलं भस्म, सुंठ, हिरडा वर्ष सरलं तरी शिल्लक राहायला लागलं, आणि राणीनं त्यातून आणखी दहा गावांना दवाघर दिलं.

ठकू सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, सावळी, लालचुटूक तळहातांची. बाराव्या दिवशी तिचं नाव ठेवलं, सारजा. पुढच्या बाजाराला नव्या नोंद्यानं ते नाव वाचलं आणि सवयीनं गर्दीकडे पाहिलं. कोण "आहे" म्हणणार? आक्कानं नातीला उचलून वर धरलं, आणि गर्दी, ऊन, गलबला बघून पोरीनं असं भोकाड पसरलं की बैलांनी कान टवकारले. नोंद्यानं वहीत लिहिलं, "आहे."

तात्पर्य : न पाहता केलेलं दान लबाडाच्या ओंजळीत पडतं आणि गरजवंताच्या ताटातून कमी होतं, म्हणून देणाऱ्यानं हात सैल ठेवावा, पण डोळे उघडे ठेवावेत.